गणपतीला तुम्ही कोणाकडे जाता?

गेल्या आठवड्यात आमच्या स्टडीच्या नवीन बॅचचं ट्रेनिंग होतं आणि मॅडमनी मला अर्धा तास दिला, म्हणाल्या तू पत्ता बदललेली माणसं शोधण्यावर बोल. स्केल्सवर, स्टॅटिस्टिक्सवर, एथिक्सवर बोलायला बाकीचे होते, शोधण्यावर मी. पंधरा स्लाइड दाखवल्या, मुलांनी नोट्स घेतल्या, चहा झाला, सगळे गेले, आणि घरी येताना स्कूटीवर सारखं वाटत राहिलं की जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितेय, जरा मोठं होईल.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात वाढले, सायकॉलॉजीत एमए केलं, आता पीएचडीचं तिसरं वर्ष. ज्या स्टडीत मी हे काम शिकतेय ती बरीच वर्षं चाललेली आहे, म्हणजे मानसिक आजार असलेली माणसं आणि त्यांच्या घरची माणसं, त्याच माणसांना ठराविक अंतराने परत परत भेटायचं, तेच प्रश्न विचारायचे, लिहून घ्यायचं. स्टडीचं नाव लिहिणार नाही. आपल्या बडोद्यातली मराठी मंडळी एकमेकांना ओळखून असतात, कोणाचं कोण लगेच निघतं. खाली ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांचे पत्ते, नाती, वयं सगळं बदललंय.

घरी सुरुवातीला कोणाला कळेचना मी नक्की करते काय. आजी विचारायची, "अगं तू डॉक्टर नाहीस, औषध देत नाहीस, मग जातेस कशाला त्यांच्याकडे?" मी म्हणायचे, विचारायला जाते. "आणि मागच्या वर्षी विचारलंस ते?" तेच परत विचारते आजी. यावर ती काही बोलायची नाही, मेथी निवडत राहायची.

पण तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, तेच परत कशाला. याचं उत्तर मला स्वतःला नीट समजायला वर्षभर लागलं.

२०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने १२ राज्यांत नॅशनल मेंटल हेल्थ सर्वे केला, गुजरातही त्यात होतं. त्यात निघालं की १८ वर्षांवरच्या १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. हे आकडे मी कितीही वेळा वाचले तरी पोटात कालवतं. पण सर्वेसाठी ज्या घरात माणूस गेला तो परत त्याच घरात गेला नाही, तो सर्वे त्यासाठी नव्हताच. ज्या मुलाला तेव्हा आवाज ऐकू यायचे तो आता कामावर जातो का, त्याचं लग्न टिकलं का, आई गेल्यावर त्याच्या गोळ्यांकडे कोण बघतं, हे कळायचं तर त्याच दारात पुन्हा उभं राहावं लागतं, आणि तेही तीनदा, पाचदा, दहादा.

दुसरं कारण म्हणजे माणूस विसरतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांना लहानपणापासून आजपर्यंत परत परत भेटत आलेत. त्यांच्या आकड्यांवरून २०१० मध्ये एक पेपर आला, त्यात दाखवलंय की "आयुष्यात कधी असं झालं होतं का" असं मोठेपणी एकदाच विचारणाऱ्या सर्वेंच्या तुलनेत, थोड्या थोड्या वर्षांनी भेटून विचारलं तर डिप्रेशन, अँझायटी वगैरेचं प्रमाण जवळपास दुप्पट निघतं. पुढे त्याच मुलांवर आणखी एक पेपर आला, ११ ते ३८ वयाच्या मधे एकदाही कुठलंच निदान झालं नाही असे फक्त १७ टक्के निघाले. मी हे आजीला साध्या भाषेत सांगत होते, ती पोळ्या लाटत होती, आणि मधेच थांबून म्हणाली, "तुझ्या आत्याच्या वेळी मला चार महिने काही सुचत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडायचे. दूध पाजायला कोणीतरी मूल आणून शेजारी ठेवायचं, मला त्याच्याकडे बघवायचं नाही." मग परत लाटायला लागली. मी पंचवीस वर्षं या बाईच्या घरात राहतेय, हे कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, आजी हे आधी कधी का नाही बोललीस, तर म्हणाली विसरलेच होते बाई, आता तू सांगत होतीस म्हणून आलं.

तर म्हणून परत परत.

आणि आपल्याकडे हे होत नाही असं कोणी म्हणू नये, मद्रासमध्ये १९८१-८२ ला स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराच्या, पहिल्याच टप्प्यावर आलेल्या ९० पेशंटना घेऊन मद्रास लाँगिट्युडिनल स्टडी, म्हणजे त्याच माणसांना वर्षानुवर्षं भेटत राहायची स्टडी, सुरू झाली. दहा वर्षांनी त्यातले ७६ जण भेटले, वीस वर्षांनी ६१. मोबाइल नसलेल्या काळात, घरं बदलणाऱ्या, लग्न करून जाणाऱ्या, कधी घर सोडून निघून जाणाऱ्या माणसांमागे कोणीतरी इतकी वर्षं गेलं. पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर ९० लिहिलं, खाली ७६ लिहिलं आणि आम्हाला विचारलं, मधले १४ कुठे गेले? आम्ही सगळे म्हणालो, मॅडम १४ म्हणजे फार नाहीत. त्या म्हणाल्या, "फार नाहीतच, हे फार चांगलं काम आहे. पण कुठल्याही स्टडीत जे गेले ते कोण होते हे विचारायची सवय लावा." कारण जो खूप आजारी झाला तो भेटत नाही. आणि जो पूर्ण बरा झाला, बायकोमुलं आहेत, ज्याला ते दिवस आठवायचेच नाहीत, तोही भेटत नाही. दोघंही गेले की उरलेल्या मधल्या लोकांवरून आपण आजाराबद्दल बोलायला लागतो. ड्युनेडिनवाले तर परदेशात गेलेल्यांनाही विमानाचं तिकीट काढून बोलावतात, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी हयात असलेल्या ९९७ मधले ९३८ जण आले. आमच्याकडे विमान नाही, स्कूटी आहे आणि फील्डवाले काका आहेत.

काकांबद्दल पुढे लिहिते, आधी ट्रेनिंगचं.

पहिले सहा महिने आम्हाला एकटं कुठे पाठवलंच नाही. पॅन्स नावाचं स्केल आहे, १९८७ चं, स्किझोफ्रेनियाची लक्षणं मोजायचं, ३० मुद्दे आणि प्रत्येकाला १ ते ७ असा स्कोअर. व्हिडिओ दाखवायचे, सगळ्यांनी वेगवेगळं बसून स्कोअर द्यायचा आणि मग जुळवायचं. माझे स्कोअर सतत वरचे यायचे. कोणी रडलं की मी एक पॉइंट वर, कोणाची आई शेजारी बसलेली दिसली की आणखी वर. सीनियर ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं की तुला त्यांची दया येतेय आणि ती तू आकड्यात घालतेयस, पण पुढच्या वर्षी त्यांना दुसऱ्या कोणी पाहिलं आणि बरोबर स्कोअर दिला तर कागदावर तो माणूस सुधारलेला दिसेल, प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसेल. मला ते लागलं. नंतर मी प्रत्येक स्कोअरसमोर एक ओळ लिहायला लागले की हा आकडा पेशंटच्या कुठल्या वाक्यावरून दिला. वाक्य सापडलं नाही तर आकडा खाली. अजूनही तसंच करते, आणि दर थोड्या महिन्यांनी आम्ही सगळे परत एकत्र बसून तेच व्हिडिओ स्कोअर करतो, कारण एकदा जुळलेलं कायम जुळलेलं राहत नाही, हळूहळू प्रत्येकजण आपापल्या बाजूला सरकतो.

भाषेचा तर वेगळाच प्रकार. बडोद्यातल्या मराठी घरात बसा तासभर, सासू मराठीत बोलते, सून गुजराती असेल तर ती गुजरातीत उत्तर देते, मुलं हिंदीत भांडतात, आणि कोणाला त्यात वेगळं काही वाटत नाही. पण स्टडीत प्रश्न तोच असायला हवा. पीएचक्यू-९ म्हणून डिप्रेशन तपासायची नऊ प्रश्नांची यादी आहे, त्यात विचारतात की गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस तुम्हाला उदास, खचल्यासारखं, निराश वाटलं. आता एक आजी मला म्हणाल्या, "उदास नाही गं, उदास माणूस नवरा गेल्यावर असतो. मला आपलं कशात मन लागत नाही." आणि त्यांची गुजराती सून शेजारून म्हणते, "बा ने गभरामण थाय छे." गभरामण हा शब्द मला मराठीत नीट सांगता येणार नाही, त्यात जीव घाबरणं आहे, छातीत धडधड आहे, उकडल्यासारखं आहे, सगळं एकात. माझा हात शिवशिवतो की प्रश्न त्यांच्या शब्दांत विचारावा, पण ते चालत नाही. एकाने मराठीत आणायचं, दुसऱ्याने मूळ न बघता परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही ताडून बघायचे, लोकांवर वापरून बघायचं, मग शब्द ठरतो, आणि एकदा ठरला की तोच. मला सोबतीला चार वाक्यं दिलीत जी मी जास्तीची बोलू शकते, पाचवं नाही. त्यांचे स्वतःचे शब्द मी वेगळ्या वहीत लिहिते आणि माझ्या थीसिसचं निम्मं काम आता त्या वहीवर उभं आहे.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तो विचारायची प्रॅक्टिस आम्ही एकमेकींवर केली, कारण आपण सगळे तो घाईघाईत, खाली बघून विचारतो आणि समोरच्याला कळतं की याचं उत्तर नाही असंच द्यायचंय. डोळ्यात बघून, बाकीच्या आठ प्रश्नांच्याच आवाजात विचारायचा आणि मग थांबायचं. उत्तर हो आलं तर मुलाखत बाजूला, तिथून उठायचं नाही, ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना तिथूनच फोन, घरातल्या कोणाला सांगायचं ते त्या माणसाला विचारून, आणि निघायच्या आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्यांच्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून द्यायचा. पुष्कळ घरांत अजून पोलिसांची भीती आहे. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये कलम ११५ आहे, त्यात असा प्रयत्न करणारा माणूस उलट सिद्ध होत नाही तोवर तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही असं आहे, हे मी अक्षरशः दर दोन-तीन घरांत सांगते. सांगितल्यावर एकदा एका वडिलांनी इतका मोठा श्वास सोडला की मला कळलं यांनी काहीतरी किती वर्षं धरून ठेवलंय.

आता शोधण्याचं.

यादीतला पत्ता चार वर्षांपूर्वीचा, फोन लागत नाही. तुम्ही वाड्यात जाता, ओट्यावर एक काकू तांदूळ निवडत बसलेल्या असतात आणि त्या तुम्हाला सहज विचारतात, "कोण हवंय? कुठून आलात? कशासाठी?" खोटं बोलायचं नाही हा पहिला नियम, आणि खरं सांगायचं नाही हा दुसरा. मैत्रीण आहे म्हणायचं नाही, बँकेतून आले म्हणायचं नाही. आणि हॉस्पिटल, स्टडी, आजार यातलं एक अक्षर तोंडातून निघालं तर त्या घरच्या मुलीच्या लग्नापर्यंत ते जाईल. आपण म्हणायचं, "त्यांनी भेटायला सांगितलं होतं, जुनी ओळख आहे," जे खरंच आहे, मागच्या मुलाखतीत त्यांनीच सही करून भेटायला सांगितलेलं असतं. गळ्यात आयकार्ड नको, बॅगेवर लोगो नको, चिठ्ठी ठेवायची तर कोऱ्या पाकिटात फक्त आपलं नाव आणि नंबर. स्टडीच्या सिमवर कुठल्यातरी नातेवाइकाने आमचा नंबर "वेड्यांचे डॉक्टर" असा सेव्ह केला होता आणि नाव दाखवणाऱ्या ॲपमुळे तो बाकीच्यांच्या फोनवरही तसाच दिसायला लागला, ते कळेपर्यंत दोन आठवडे आम्ही त्याच नंबरवरून सगळ्यांना फोन करत होतो. आता नवीन सिम घेतलं की आधी तेच तपासतो.

माझ्याकडून एक चूक झाली ती मी ट्रेनिंगमध्ये सांगितली नाही, स्लाइड होती पण वेळ संपला म्हणून पुढे गेले. खरं म्हणजे वेळ होता.

पहिल्या वर्षी एका ताईंना फोन केला. मागच्या वेळी त्या माहेरी होत्या, मधे लग्न झालेलं. फोनवर बाईचा आवाज आला, मी त्यांचं नाव घेऊन विचारलं बोलताय का, तिकडून "हं बोला". मी धरून चालले की त्याच. म्हटलं तुमची पुढची मुलाखत आलीये, गोळ्या चालू आहेत ना. तिकडे शांतता. मग "कसल्या गोळ्या?" त्या सासूबाई होत्या. मी काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला, हात थरथरत होते.

संध्याकाळी ताईंचा दुसऱ्या नंबरवरून फोन आला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "मी सांगणार होते. यांना थोडं सांगितलंय, आईंना दिवाळीनंतर सांगणार होते. मला माझ्या तोंडून सांगायचं होतं." मी माफी मागितली, त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, माझं नाव काढून टाका. पाच वर्षं ज्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं त्या माणसाला एका वाक्यात मी घालवलं. मॅडमनी मला समोर बसवून पूर्ण रिपोर्ट लिहायला लावला, एथिक्स कमिटीला गेला, आणि फोनची पद्धत बदलली. आता प्रत्येकजण मुलाखतीच्या शेवटी आपल्या मनाचा एक शब्द देतो, कोणी "पारिजात", कोणी "सेवउसळ", एका आजोबांनी "सयाजीबाग" दिलाय, आणि फोनवर तो शब्द समोरून येईपर्यंत आम्ही आपल्या नावाखेरीज काही बोलत नाही. त्या ताईंचं त्या घरात पुढे काय झालं मला माहीत नाही, विचारायचा हक्क राहिला नाही. त्यांच्या फाइलवर मी माझ्या हाताने "स्वेच्छेने बाहेर" लिहिलं, फॉर्ममध्ये तेवढाच पर्याय आहे.

त्यानंतर महिनाभर मी फोनला हात लावला नाही आणि मॅडमनी मला काकांबरोबर फील्डवर दिलं. काका म्हणजे स्टडीचे सगळ्यात जुने फील्ड इन्व्हेस्टिगेटर, शिक्षण बारावी, वाडी-नवापुरा-बाबाजीपुऱ्यातली गल्ली न गल्ली पाठ. आमच्याकडे पत्त्याच्या फॉर्मवर एक रकाना होता, "पत्ता बदलल्यास कोणाशी संपर्क साधावा", लोक तिथे शेजाऱ्याचा नाहीतर भावाचा नंबर द्यायचे, आणि चार वर्षांनी शेजारी सोडून गेलेला आणि भावाशी भांडण. काका कधी तसं विचारायचेच नाहीत. मुलाखत संपली, चहा आला, की बशीत चहा ओतता ओतता विचारायचे, "गणपतीला तुम्ही कोणाकडे जाता?"

मला आधी वाटलं गप्पा मारतायत. पण बघा ना, मराठी घरात गणपती एका ठिकाणी बसतो, थोरल्याकडे, आणि ते घर सहसा हलत नाही. भाऊ बोलत नसले तरी आरतीला येतात. वेगळे राहिले, कर्जबाजारी झाले, हॉस्पिटलमधून परत आले, तरी त्या दीड दिवसात नाहीतर पाच दिवसांत एकदा तरी त्या घरात पाय टाकतात. म्हणजे त्या घराला तुमचा ठावठिकाणा असतोच. गुजराती घरात काका विचारायचे उत्तरायणला पतंग उडवायला कोणाच्या गच्चीवर जाता, तेच गणित. आणि लगेच पुढचा प्रश्न, "त्यांना तुमच्या तब्येतीचं माहीत आहे का? थोडं, सगळं, की काहीच नाही?" आणि ते फॉर्मच्या मागे पेन्सिलीने लिहायचे. पीएचडी मी करतेय, पण हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात आलं तेव्हा याची किंमत कळली. रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, पण आमच्या यादीतली किती घरं पाण्यात होती ते आम्हाला दिसत होतं. लोकांचे फोन भिजले, गोळ्या वाहून गेल्या, डिस्चार्जचे कागद गेले, भाड्याने राहणारे उठून दुसरीकडे गेले. ज्या गोळ्या एकदम बंद झाल्या की आजार परत उसळू शकतो त्या गोळ्या चिखलात होत्या. तेव्हा मुलाखतीसाठी शोधायचं की गोळ्यांसाठी असा प्रश्नच नव्हता. आणि दहा दिवसांत, ७ सप्टेंबरला, गणपती होते.

काकांनी मागे पेन्सिलीने लिहिलेले फॉर्म काढले आणि आम्ही त्या घरांना जायला लागलो. एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, एकटेच राहायचे, नदीजवळची खोली सोडून गेलेले, फोन बंद. मागे लिहिलं होतं, "प्रतापनगर, चुलतभाऊ, पाच दिवस, थोडं माहीत आहे." आम्ही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो. आरती चालू होती. काकांनी मला दारातच थांबवलं, आरती होऊ दे म्हणाले. आत पंधरा-वीस माणसं, झांजा, कापराचा वास, आणि मागच्या भिंतीला टेकून हे उभे, टाळ्या वाजवत होते पण जरा उशिरा, प्रत्येक टाळी बाकीच्यांच्या मागून. माझं ट्रेनिंग झालेलं डोकं लगेच स्कोअर द्यायला लागलं आणि मी ते तिथेच थांबवलं. त्यांनी आम्हाला पाहिलं, ओळखलं, आणि स्वतः बाहेर आले, हातात प्रसादाचा द्रोण. गोळ्या नऊ दिवसांपासून नव्हत्या. चुलतभावाला त्यांनी आमच्याबद्दल "जुन्या ओळखीचे" एवढंच सांगितलं. रात्री काकांनी डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ओपीडीत नेलं.

मुलाखत आम्ही दोन महिन्यांनी केली, नवीन खोलीत, आधी संमतीचा फॉर्म परत पहिल्यापासून वाचून. लोकांना वाटतं एकदा सही केली की झालं, पण प्रत्येक फेरीला नवीन संमती घ्यायची असते आणि नाही म्हणण्याची जागा खरंच मोकळी ठेवायची असते, मी तर आता तो परिच्छेद दोनदा वाचते. त्यांनी सही केली आणि पेन खाली ठेवून विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही लोक विचारताय. तुम्हाला काय मिळालं त्यातून?" असं कोणी विचारलं की आधी मी संशोधनाचे फायदे सांगायचे, पाठ असलेले. त्या दिवशी त्यांच्या सहा वर्षांच्या फाइलमधलं जे त्यांना सांगता येईल ते सांगितलं, की दर वेळी गोळ्या मधे तुटल्या तेव्हा तुमची झोप आधी गेली होती, तीनही वेळा, आवाज नंतर आले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिन्ही वेळा?" मी म्हटलं, तिन्ही वेळा, तुम्हीच सांगितलंय. त्यांनी मागच्या कॅलेंडरवरून एक पान फाडलं, मागे लिहिलं "झोप गेली तर फोन", खाली आमचा नंबर, आणि ते भिंतीला लावलं.

निघताना विचारलं, "पुढच्या वर्षी तुम्हीच याल ना?"

याचं उत्तर कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नाही. स्टडी वीस वर्षं चालते, विद्यार्थी चार-पाच वर्षांत थीसिस देऊन जातात. त्या माणसाने आजपर्यंत माझ्यासारख्या चारजणींना आपली सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितलीये, आईचं मरण चार वेळा सांगितलंय. मी खोटं हो म्हटलं नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की मी, त्यानंतर दुसरं कोणी, पण ते माझ्याबरोबर आधी येईल, एकदम अनोळखी माणूस दारात येणार नाही. हे मी तिथे बोलून बसले आणि मग ऑफिसात येऊन मॅडमना सांगितलं की मी असं बोलून आलेय. त्या म्हणाल्या मग करावंच लागेल. आता जाणाऱ्याने शेवटच्या फेरीत येणाऱ्याला घेऊन जायचं असं ठरलंय, अजून सगळ्यांसाठी जमत नाही, खर्च दुप्पट होतो, पण ज्यांनी स्वतःहून विचारलं त्यांच्याकडे तरी. आणि फॉर्मच्या पुढच्या बाजूला आता छापील रकाना आहे, गणपती किंवा उत्तरायण, कोणाकडे. काका म्हणतात पेन्सिलच बरी होती.

नवीन बॅचमधली एक मुलगी, गुजराती आहे पण मराठी छान समजतं तिला, पुढच्या मंगळवारी माझ्याबरोबर त्यांच्याकडे येतेय. मी फोन केला, शब्द विचारला, त्यांनी सांगितला, मग विचारलं एकजण सोबत आणली तर चालेल का. म्हणाले चालेल, पण पाचनंतर या, साडेचारला पाणी येतं.